प्रकल्पाआधीचा काप

गजानन मावसाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीत, कॉलेजच्या वर्कशॉपबाहेरच्या पायऱ्यांवर बसून डबा खात होते. आईचा फोन आला. ती वावरात होती, झेंडूची तोडणी चालू होती, मागे बायांचे आवाज येत होते. "बाई, अकोल्याहून फोन आलता. मावसाजी गेले तुझे," एवढंच ती आधी म्हणाली, मग कसं झालं ते सांगितलं. सकाळी त्यांनी कारखान्याचं शटर वर केलं, छातीत दुखतं म्हणून बाकावर बसले, आणि तिथेच गेले. डॉक्टरकडे न्यायला रिक्षा आली तोवर सगळं संपलं होतं.

पुढचं वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले आहेत. फोन ठेवल्यावर, रडू यायच्या आधी, मला क्षणभर हलकं वाटलं. आता ते कुणाला काही सांगणार नाहीत, असं मनात आलं. किती वेळ टिकलं ते, डब्याचं झाकण लावेपर्यंत असेल... पण आलं, हे खरं आहे. मी माझ्या प्रकल्पाच्या अहवालात त्यांच्या मशीनबद्दल खोटं लिहिलं होतं. अकोल्यात सरळ काप देणारा माणूस म्हणून त्यांचं जे नाव होतं, त्याला त्या खोट्यामुळे बट्टा लागला. हे त्यांना माहीत होतं आणि मला. त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. मीही काढलं नाही.

मावशीच्या यजमानांना आमच्याकडे मावसाजी म्हणतात. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा कारखाना होता. कारखाना हा शब्द मोठा झाला; एक लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचं सामान आणि मधोमध ती करवत. लोखंड कापणारा जुना बँडसॉ. दोन मोठ्या चाकांवरून दातेरी पोलादी पट्टी गोल फिरते, तिला ब्लेड म्हणतात, आणि ती हळूहळू खाली उतरत शिकंज्यात धरलेली लोखंडी सळई कापते. मशीन परदेशी बनावटीचं. कुठल्या देशाचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण त्यावरची पितळी पाटी घासून गुळगुळीत झाली होती. वसाहतीत सगळे त्याला 'इलायती' म्हणत.

माझ्या जन्माआधी एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीच्या शेडमधून मावसाजींनी ती आणली. भंगारवाला घणाने तिचे तुकडे करणार होता, त्याच्या समोरून त्यांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली. मावशी सांगते की ट्रॉली दारात आली तेव्हा तिला वाटलं, यायनं आता मेलेली म्हैस विकत आणली. गंज इतका होता की एकेका नटाला आठ-आठ दिवस रॉकेल पाजत बसावं लागलं. एक गिअर झिजून बोथट झाला होता. तसा गिअर कुठे मिळेना, तेव्हा मावसाजींनी जुन्या गिअरवर कागद ठेवून कोळशाने त्याचे दात उठवले आणि त्यावरून नवा पाडून घेतला. दोन वेळा फसला, तिसऱ्यांदा बसला. दोन वर्षं सुटीचा प्रत्येक दिवस त्या मशीनवर गेला. मग ती चालली, आणि चालली ती अशी की दालमिलवाले, रसवंतीवाले, ट्रॅक्टरवाले शाफ्ट, म्हणजे यंत्राचे फिरते दांडे, कापायला दुसऱ्या कुणाकडे जाईनात. दुसरीकडे कापलेला तुकडा लेथवर चढवून तोंड सरळ करून घ्यावं लागे. मावसाजींचा काप थेट बसवायचा. लोक म्हणत, गजाननचा काप असला की गुण्या लावू नका.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधं हत्यार. मावसाजी मात्र स्वतःच्या प्रत्येक कापाला गुण्या लावत. तुकडा घेऊन दारापर्यंत जायचे, उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे. पोलाद आणि गुण्या यांच्यामधून केसाएवढा जरी उजेड आला तरी तो तुकडा गिऱ्हाइकाला जायचा नाही.

मी बारावीपर्यंत गावात होते, नांदगाव खंडेश्वरजवळ. आमच्या घरात कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. बाबांना मी इंजिनिअरिंगला जाते म्हणजे नेमकं काय शिकते हे अजूनही दुसऱ्याला सांगता येत नाही. मशीनचं काहीतरी, असं ते म्हणतात. मेकॅनिकलला प्रवेश मिळाला तेव्हा गावात हसले लोक. पोरीच्या हातात पाना देणार का, असं विचारत. मावसाजींनी दिला. पहिल्या वर्षाच्या सुटीत मी अकोल्याला गेले तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला इलायतीचं तेलपाणी शिकवलं. शनिवारी संध्याकाळी ब्लेडचा ताण सैल करायचा, सोमवारी सकाळी पुन्हा भरायचा. काहून, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिलेबी सुटी पायजे." ताणून ठेवलेली ब्लेड लवकर तुटते हे पुस्तकातलं कारण मला नंतर कॉलेजात कळलं. ब्लेड तुटली की तिची टोकं जोडायची, आणि जोड पुन्हा लाल करून सावकाश थंड होऊ द्यायचा, नाहीतर तो काचेसारखा कडकन मोडतो. मशीन चालू असताना शेडमध्ये मोबाइलवर गाणी लावायला बंदी होती. आवाजावरून त्यांना कळायचं की दात बोथट झाले, की सळई नीट आवळलेली नाही. बोलताना मात्र मोकळे होते. मी पहिल्यांदा स्वतः ब्लेड चढवली आणि मशीन सुरू करताच ती निसटून खाली पडली, तर तोंडावर काही न दाखवता म्हणाले, "बरं झालं, आमचा पाय तिथं नव्हता इंजिनिअरबाई." ब्लेडचे दात उलट्या दिशेने बसवले होते मी, तेही मग दाखवलं.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. चौघांचा गट, पण बाकीच्या तिघांनी पूर्ण माझ्यावर सोडलं. जुन्या बँडसॉची दुरुस्ती आणि देखभाल, असा विषय मी दिला. सरांना आवडला. मी अकोल्याला जाऊन मोजमाप घेतलं, चार इंची सळईचे पाच काप घेतले, पाचही सरळ. ते आकडे बघून सर म्हणाले की मशीन आधीच उत्तम आहे, मग तुम्ही केलं काय? आधी आणि नंतर, दोन रकाने लागतात, दोन्हीत फरक दिसला पाहिजे. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. दुरुस्ती वीस वर्षांपूर्वी झालेली होती, मी तिच्यावर माझं नाव घालायला गेले होते. विषय बदलायला हवा होता. तेवढा वेळ नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मग निदान फोटोत तरी फरक दिसावा म्हणून मी रंग द्यायचं ठरवलं. मावसाजी आणि मावशी लग्नाला मोर्शीला गेले होते, दोन दिवस. शेडची किल्ली माझ्याकडे होती. ते येतील आणि चकाकती इलायती बघून खूश होतील, हेही डोक्यात होतं, अगदी खोटं नाही. ब्लेड जिथे सळईला लागते तिथे दोन बाजूंनी दोन हात असतात, ते तिला धरून सरळ ठेवतात. त्यांना गाईड म्हणतात. मी ते खोलून काढले. सगळ्या अंगावर ग्राइंडर फिरवला. गाईडच्या हातांवर आणि ते बसतात त्या पट्टीवर सेंटर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, मारलेले ठिपके होते, एकाजवळ एक, कुठे दोन, कुठे तीन, आणि छिन्नीच्या दोन बारीक रेषा. मला ते जुने पोचे वाटले. घासले, उरले त्यात पुट्टी भरली, वर हिरवट करडा रंग मारला. गाईड पुन्हा डोळ्यांच्या अंदाजाने बसवले.

ते ठिपके मावसाजींचं लिखाण होतं. दोन वर्षं काप घेऊन, गुण्या लावून, पुन्हा सैल करून, त्यांनी दोन्ही हातांची जागा शोधली होती, आणि सापडली तिथे ठोकून ठेवली होती. ठिपक्यासमोर ठिपका आला की ब्लेड सरळ चालायची. ते चौथीपर्यंत शिकलेले. कागदावर त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही, मशीनवरच ठेवलं होतं.

परत आल्यावर ते मशीनजवळ उभे राहिले. गाईडच्या हातावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून तिकडे, मग पुन्हा. "रंग चांगला देला," म्हणाले. मावशीला म्हणाले, चहा ठेव, पोरगी दोन दिवस राबली. दुसऱ्या दिवशी मी घेतलेला पहिला काप तिरपा गेला. उजेडाची फट लांबूनही दिसत होती. तेव्हा मला ठिपक्यांचं कळलं, आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट सुचली, ती लिहिताना आताही कान गरम होतात. मी वही काढली आणि तो तिरपेपणा मोजला. सव्वादोन मिलिमीटर. पाच काप घेतले, पाच आकडे लिहिले. वर शीर्षक घातलं, प्रकल्पाआधी.

पुढचे तीन आठवडे मावसाजी काम संपल्यावर मशीनशी बसत. नट केसभर सैल, एक काप, दारापर्यंत जाणं, उजेड, मान हलवणं, पुन्हा नट. दोन ब्लेड तुटल्या. कामं परत पाठवावी लागली. मी शनिवार-रविवारी जायचे, कंदील धरल्यासारखी टॉर्च धरून उभी राहायचे, आणि एकदाही म्हटलं नाही की मावसाजी, माझी चूक झाली. त्यांनीही विचारलं नाही. एका रविवारी मी पोचले तेव्हा काप सरळ येत होता आणि नव्या रंगातून पंचचे नवे ठिपके चमकत होते. मी पुन्हा वही काढली. पाच काप. प्रकल्पानंतर.

आकडे खरे होते. मी स्वतःला हेच सांगत राहिले. एकही आकडा बनवलेला नव्हता.

कॉलेजच्या प्रदर्शनात आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. अहवालाची बांधलेली प्रत घेऊन मी अकोल्याला गेले, कारण मावसाजींनी फोनवर तीनदा विचारलं होतं की आमच्या इलायतीचं काय लिहिलं ते वाचून दाखव. ते हात धुऊन, कोपरापर्यंत साबण लावून बसले. अहवाल इंग्रजीत होता. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले, आणि जिथे त्यांचं नाव नव्हतं तिथे घालत गेले. अनुभवी कारागीर श्री. गजानन यांच्या मार्गदर्शनाखाली, वगैरे. ते मान डोलवत होते. मग म्हणाले, दाखव. मी दिला. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती, पण लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला आकडे वाचता येतात, हे मी विसरले होते. सत्ताविसाव्या पानावर ते थांबले. दोन रकाने, वर फोटो, एकात जुनी गंजकट इलायती आणि एकात रंगवलेली हिरवट. बोट एकेका आकड्यावरून खाली सरकलं. मग पहिल्या रकान्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेलं, ती रंग दिल्यानंतरची होती.

"आकडे बरोबर हायेत," ते म्हणाले.

अहवाल मिटून त्यांनी माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी. मग मावशीला हाक मारून म्हणाले की पोरगी पास झाली, हिले जेवू घाल.

इथे संपलं असतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते. पण एका दैनिकाच्या आतल्या पानावर प्रदर्शनाची बातमी आली. अकोल्याच्या कारखान्यात तिरपे काप देणाऱ्या जुन्या करवतीला विद्यार्थ्यांनी नवं जीवन दिलं, अशी. माझा फोटो होता. बाबांनी ते पान गावात सगळ्यांना दाखवलं. अकोल्यातही ते पोचलं. मावसाजींचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे एक दालमिल, तिथले देविदास मिस्त्री. ते शाफ्ट घेऊन आले तेव्हा मी शेडमध्येच होते. मला न बघता मावसाजींना म्हणाले, "काय गजाननभाऊ, वीस वर्षं वाकडंच कापून देऊन राहिले होते म्हने आमाले. आमी उगाच इस्वास ठेवून गुण्या लावत नव्हतो." हसत म्हणाले, पण खिशातून गुण्या काढला आणि मावसाजींच्या समोर कापाला लावला. असं त्या शेडमध्ये याआधी कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मावसाजी बाजूला सरकून उभे राहिले, उजेड अडू नये म्हणून. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी फरशीवरचा लोखंडाचा बुरा झाडत होते, झाडतच राहिले. एक वाक्य पुरलं असतं तेव्हा. हळूहळू दुसरेही गुण्या घेऊन येऊ लागले. काप दरवेळी सरळच निघायचा, पण लावला जायचा.

त्यानंतर दहा महिने मी अकोल्याला कमी गेले. अभ्यास आहे म्हणायचे. शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी मला स्टँडवर सोडलं, बस येईपर्यंत थांबले, आणि खिडकीतून म्हणाले की नोकरी लागली की तिथल्या नव्या मशीन कशा असतात ते येऊन सांगजो. मी हो म्हटलं.

तेरवीनंतर मी मावशीला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबला नाही तिचा. निवडता निवडताच म्हणाली की रंग दिल्याच्या रात्री ते जेवले नव्हते, तिला वाटलं लग्नातलं बाधलं. मग सूप बाजूला ठेवून ती माझ्याकडे वळली.

"मले काहून सांगतं? मी का गुण्या लावला होता त्याईच्या कामाले? ज्यायनं लावला त्याईले जाऊन सांग."

मी आधी कॉलेजात सरांना सांगितलं, कारण ते सोपं होतं. ते म्हणाले की लेखी दे, अहवालाला जोडतो, गुणांचं वरचे ठरवतील. मी लिहून दिलं. मग एका दुपारी दालमिलमध्ये गेले. देविदास मिस्त्री मशीनचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावत होते, अंगभर डाळीचा पिवळा भुगा. मशीनच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागलं, आणि ओरडून कबुली देणं फार विचित्र असतं, आजूबाजूचे दोन हमालही ऐकू लागले. मी सांगितलं की मशीन सरळ कापत होती. ती मी बिघडवली. मावसाजींनी नीट केली, आणि मी ते माझ्या नावावर लावलं.

मिस्त्रींनी हात पुसले. मला वाटलं, जाऊ दे बाई, असं काहीतरी म्हणतील. तसं म्हणाले नाहीत.

"मी टोमना मारला तवा तू तिथंच झाडू मारत होती ना," ते म्हणाले. "तवा बोलाचं होतं. मी बी त्याच्या तोंडावर गुण्या लावला. आता मी कोनाले जाऊन सांगू?"

ते बाहेरच्या वजनकाट्याच्या खोलीकडे चालू लागले, मी मागे. त्या खोलीचा लोखंडी दरवाजा वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक वीतभर लांब शाफ्टचा तुकडा लावून ठेवला होता. मिस्त्रींनी तो पायाने पुढे ढकलला. मिलचा पहिला शाफ्ट बदलला तेव्हाचा उरलेला तुकडा, म्हणाले, दोन्ही तोंडं गजाननभाऊने कापलेली, तू तेव्हा शाळेतही गेली नसशील. वरून काळपट झाला होता, पण तोंडांवर ब्लेडच्या बारीक समांतर रेषा अजून दिसत होत्या. त्यांनी खिशातला गुण्या माझ्या हातात दिला.

"लाव."

मी तुकडा फडक्याने पुसला, उचलून दारात गेले आणि गुण्या लावला. एक डोळा मिटला. फिरवून लावला. पुन्हा फिरवला. दुसऱ्या तोंडाला लावला. चारी बाजूंनी, दोन्हीकडे, कुठूनही उजेड आला नाही. मागे उभे असलेले हमालही वाकून बघत होते. मिस्त्री म्हणाले, "पायलं? आता जिथं लिहायचं तिथं लिही."

तो तुकडा मला द्या, असं मी मागितलं. नाही म्हणाले, दरवाजा मंग कायनं अडवू? आणि तो त्यांनी पुन्हा पायाने जागेवर सारला.

म्हणून हे लिहिते आहे. अहवाल कॉलेजच्या कपाटात आहे, सत्ताविसावं पान. त्यातल्या 'प्रकल्पाआधी' या रकान्यातले पाचही काप माझ्या हातचे आहेत. मावसाजींच्या हातचा काप अकोल्याच्या दालमिलमध्ये, वजनकाट्याच्या खोलीच्या दाराशी पडलेला आहे. ज्यांनी ती बातमी वाचली होती, ते कधी तिकडे गेले तर त्यांनी गुण्या लावून पाहावा.